सुपारी ते स्टेटस : छोट्या वाद्यवृंदाचे नाव गावोगाव जाते कसे?

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा तुळशीची लग्ने तोंडावर आलेली असतील. राहुरीच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर या दिवसांत दोन कामांची घाई एकदमच सुरू होते. एक उसाच्या तोडीची आणि दुसरी वाद्ये नीट करून घेण्याची. बँजोच्या तारा बदलायच्या, ढोलकीची पाने उतरवून पुन्हा चढवायची, फाटका स्पीकर नगरला नेऊन टाकायचा. तुळशीच्या लग्नापासून आषाढ लागेपर्यंत वाजवायचे आणि मग गणपती-नवरात्र सोडले तर दुसरी कामे शोधायची, असे या कलावंतांचे वर्ष असते.

या मंडळींच्या मागे वही घेऊन मी बरीच वर्षे हिंडतो आहे. संगीताचे रीतसर शिक्षण मला नाही. राहुरीला विद्यापीठ आहे, १९६८पासून आहे, पण ते शेतीचे. तिथे ज्वारीच्या वाणाची चौकशी करता येते, ढोलकीच्या बाजाची नाही. त्यामुळे जे शिकलो ते वरातींच्या मागे चालून आणि जुनी पुस्तके धुंडाळून. या भटकंतीत एक प्रश्न सतत समोर येत राहिला. एवढे चांगले वाजवणाऱ्या आठ-दहा जणांचे नाव शेजारच्या तालुक्यातही पोहोचत नाही, ते का? आणि पूर्वी एखाद्या फडाचे नाव पाऊलवाटेने, बैलगाडीने का होईना, पार कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत जात होते, ते कसे?

इथे 'छोटा वाद्यवृंद' म्हणजे ज्याच्या पाठीशी ना कंपनी, ना सिनेमा, ना पुढारी, असा गट. त्याला बँड म्हणा, बँजो पार्टी म्हणा, फड म्हणा. मुंबई-पुण्यात गिटार घेऊन स्वतःची गाणी करणारी मुलेही याच बिरादरीतली. त्यांची भाषा वेगळी असली तरी रड एकच आहे : गाणे तयार आहे, ते कोणाच्या कानावर घालायचे?

सुरुवात नावापासून करू. आपल्या लावणी-पोवाड्यांत शेवटच्या चरणात कवीचे नाव येते. तिला आपण छाप किंवा नाममुद्रा म्हणतो आणि साहित्याच्या अभ्यासात तिची नोंद कर्तृत्वाचा पुरावा म्हणून करतो. मला ती आधी जाहिरात वाटते. ज्या काळात छापील कागद नव्हता त्या काळात गाणे एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना कवीचा पत्ता सोबत नेण्याचा हा एकमेव उपाय होता. गाणे चोरणाऱ्यालाही नाव गाळता येत नसे, कारण गाळले की यमक मोडायचे. संगमनेरचे अनंत फंदी (१७४४–१८१९) आमच्याच जिल्ह्यातले. अहिल्याबाई होळकरांनी कानउघाडणी केल्यावर त्यांनी तमाशा सोडून कीर्तनाची वाट धरली, अशी आख्यायिका आहे. आता जिल्ह्यालाच अहिल्याबाईंचे नाव मिळाले आहे, तेव्हा ती पुन्हा पुन्हा सांगितली जाते. तिच्यातला उपदेश बाजूला ठेवला तर एक गोष्ट उरते. संगमनेरच्या एका कवनकाराची कीर्ती तिकडे महेश्वरच्या दरबाराला ठाऊक असणे लोकांना अशक्य वाटले नाही. कीर्ती पोहोचवणारी यंत्रणा तेव्हा होती.

'होनाजी बाळा' हे नाव तर मला आजच्या कुठल्याही बँडच्या नावाइतके ताजे वाटते. ते एका माणसाचे नाव नव्हेच. होनाजी कवने रचत आणि बाळा करंजकर ती गात. रचणारा आणि गाणारा दोघांचे मिळून एक नाव, तेच छापेत आणि तेच लोकांच्या तोंडी. पुढे तमाशात गावाचे नाव आडनावासारखे लागले : नारायणगावकर, सातारकर, हिवरगावकर. यात अभिमान होताच, पण सोयही होती. यात्रेच्या पंचाला फड हवा असेल तर कुठल्या गावी माणूस पाठवायचा ते नावातच लिहिलेले असे.

ग्रामोफोन आला तेव्हाही पहिली अडचण नावाचीच होती. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांच्या तबकड्या ध्वनिमुद्रित झाल्या. गाणे संपता संपता त्या इंग्रजीत आपले नाव सांगतात. तबकड्या दाबल्या जायच्या जर्मनीत, आणि तिथल्या कामगाराला कोणते गाणे कोणाचे हे कळावे म्हणून ही युक्ती. श्रोत्यांना मात्र ती ऐट वाटली. आपल्याकडे छापेचे सामर्थ्य सर्वांत उशिरापर्यंत दिसते ते वामनदादा कर्डकांत (१९२२–२००४). सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस. त्यांची गाणी शेकडो गायकांनी गायली. कोणी नाव घेतले, कोणी नाही, पण शेवटच्या कडव्यातला 'वामन' काढता आला नाही. आज छोट्या वाद्यवृंदांची जी गाणी मोबाइलवर फिरतात त्यांत ही सोय कोणी ठेवत नाही. चित्रफितीच्या कोपऱ्यात नाव टाकतात. पुढे पाठवणारा तो कोपरा कापून टाकतो.

नावाची दुसरी गंमत अशी. आमच्या भागातल्या निम्म्या पार्ट्या देवाच्या नावाने आहेत. भैरवनाथ, खंडोबा, साई, शनैश्वर. शिर्डी एका बाजूला, शिंगणापूर दुसऱ्या बाजूला, तेव्हा हे साहजिकच. गावात याने अडत नाही, कारण गावात एकच भैरवनाथ असतो. पण मोबाइलवर 'भैरवनाथ बँजो' शोधा, म्हणजे गावोगावचे भैरवनाथ एकदम प्रकट होतात आणि हवा तो सापडत नाही. जुन्या फडांनी गावाचे नाव सोडले नव्हते ते या दृष्टीने शहाणपणाचे होते.

आता बाजाराकडे वळू. नारायणगावला (ता. जुन्नर) पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. हे ज्यांनी पाहिले नाही त्यांनी एकदा जरूर पाहावे. प्रत्येक फडाची राहुटी, बाहेर फलक, आत व्यवस्थापक वही घेऊन बसलेला. चैत्र-वैशाखातल्या यात्रांसाठी गावोगावचे पंच येतात, दोन-चार राहुट्यांत चहा पितात, भाव करतात, तारीख धरतात आणि सुपारी देतात. खरेदीदार सगळे एका ठिकाणी, विकणारेही एका ठिकाणी, आणि तुलना डोळ्यांसमोर. फडमालकाला दोनशे गावे हिंडावी लागत नाहीत. दोनशे गावे त्याच्या दारी येतात. कलेच्या प्रसाराचा इतका कमी खर्चाचा दुसरा मार्ग माझ्या पाहण्यात नाही.

तो किती नाजूक आहे तेही आपण पाहिले. २०२०चा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशभराच्या टाळेबंदीचा तो पहिला दिवस होता. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला. १४ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागले. लागोपाठ दोन पाडवे बुडाले म्हणजे दोन अख्खी वर्षे बुडाली, कारण त्या आठवड्यांतच वर्षाचा व्यवहार ठरतो. त्याच २०२१च्या मे महिन्यात संगमनेरला कांताबाई सातारकर कोरोनाने गेल्या.

बँजो पार्टीला असली राहुटी नाही. तिची सुपारी येते ती मांडववाल्याकडून, आचाऱ्याकडून, फोटोवाल्याकडून. 'वाजवणारे कोण आहेत का?' असे नवरीच्या मामाने विचारले की मांडववाला फोन लावतो आणि आपला हिस्सा ठेवतो. यात गैर काही नाही, पण याचा परिणाम असा की गिऱ्हाईक मांडववाल्याचे राहते, पार्टीचे होत नाही. पुढच्या लग्नात मांडववाल्याने दुसऱ्याला फोन लावला तर पहिल्याला ते कळतही नाही.

जलशांना ही अडचण नव्हती. आंबेडकरी जलशांमागे भीमराव कर्डकांसारखे कार्यकर्ते होते आणि माणसे चळवळीसाठी जमलेली असत. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले, त्यांनाही श्रोता शोधत जावे लागले नाही. कामगारांच्या सभा होत्याच. श्रोता चळवळीने जमवला आणि गाण्याने तो धरून ठेवला. आजचा स्वतंत्र वाद्यवृंद या अर्थाने खरोखर एकटा आहे. श्रोता जमवणे आणि धरून ठेवणे ही दोन्ही कामे त्यालाच करावी लागतात.

थोडे बँजोविषयी. आपण ज्याला बँजो म्हणतो त्याचा अमेरिकेतल्या बँजोशी फारसा संबंध नाही. १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या माणसाने तैशोगोतो हे वाद्य तयार केले. पाश्चात्त्य टाइपरायटरवरून त्याला कळांची कल्पना सुचली, असे सांगतात. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झाले, त्याला विजेची जोड मिळाली आणि कोकण-मुंबईपासून आमच्या मुळाकाठापर्यंत ते बँजो या नावाने पसरले. तारेवर बोट दाबण्याऐवजी कळ दाबायची असल्यामुळे सूर चुकण्याची भीती कमी; गुरूची फी नको; किंमत परवडणारी. ज्यांना वर्षानुवर्षे शिकत बसायला फुरसत नव्हती त्यांचे हे वाद्य. रवी जाधव यांनी २०१६ साली 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट काढला, तेव्हा आमच्याकडच्या पोरांना वाटले होते की आता आपले दिवस आले. चित्रपट आला नि गेला. पार्ट्यांच्या दारात मात्र त्याच सुमारास डीजेची गाडी येऊन उभी राहिली. दहा माणसांच्या मजुरीऐवजी दोन माणसे आणि एक जनरेटर. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी घालणारे नियम २००० सालचे आहेत आणि ते सर्वांना सारखेच लागू आहेत. पण पोलीस आले की डीजेवाला कळ फिरवतो, आणि बँजोवाल्याला दहा जणांचा हात थांबवावा लागतो.

कॅसेटचा काळ मी तरुणपणी पाहिला. गाण्याच्या प्रसाराचा खर्च पहिल्यांदा सामान्य माणसाच्या आवाक्यात आला तो तेव्हा. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने उत्तर भारतातल्या कॅसेटसंस्कृतीवर १९९३ साली पुस्तक लिहिले, त्यात हा पालट तपशिलाने मांडला आहे. तबकडी काढायला कारखाना लागे. कॅसेट घरातल्या दोन यंत्रांवर निघत असे. या सोयीचा आपल्या मराठी मुलखाशेजारी कोणी सर्वांत हुशारीने उपयोग केला असेल तर तो गोव्याच्या रेमो फर्नांडिस यांनी. मोठ्या कंपन्यांच्या नादी न लागता त्यांनी शिवोलीच्या आपल्या घरात चार ट्रॅकच्या यंत्रावर 'गोअन क्रेझी' (१९८४) ही कॅसेट केली. वाद्ये स्वतः वाजवली, वेष्टनाचे चित्र स्वतः काढले, आणि मग स्कूटरवर कॅसेटी लादून गोव्यातल्या दुकानादुकानांत स्वतः नेऊन ठेवल्या. मोठ्या कंपनीने दखल घेतली ती नंतर.

हा दाखला मी आमच्या पोरांना सांगतो तेव्हा त्यांना स्कूटर आवडते. पण त्यातली कळीची गोष्ट वेगळीच आहे. गोवा लहान आहे. स्कूटरवर दोन दिवसांत पालथा घालता येईल एवढ्या मुलखात, एकाच तऱ्हेची चव असलेल्या लोकांत, रेमो आधी पूर्ण ओळखीचे झाले; मुंबई नंतर आली. शिवाय दुकानदार हा जिवंत माणूस होता. त्याला कॅसेट आवडली तर तो गिऱ्हाइकाला थांबवून ऐकवत असे.

त्या दुकानदाराची जागा आता हिशेबाने चालणाऱ्या यंत्राने घेतली आहे. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि प्रत्येकाला वाटले की आता मधला माणूस गेला. गाणे चढवायला पैसे लागत नाहीत हे खरे. पण यूट्यूबच्या जाहिरातींतून मिळकत व्हायची तर आधी एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तासांचे पाहणे लागते. चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटे. चार मिनिटांचे गाणे साठ हजार वेळा, तेही सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकले गेले पाहिजे. छोट्या चित्रफितींसाठी दुसरी अट आहे : नव्वद दिवसांत एक कोटी. स्पॉटिफायने २०२४पासून बारा महिन्यांत हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला पैसे देणे थांबवले. आमच्या पोरांना सगळ्यांत मानवले होते ते टिकटॉक. तिथे पंधरा सेकंदांत ढोलकीचा एक तुकडा उचलला जायचा. २९ जून २०२० रोजी त्यावर बंदी आली आणि जमवलेला श्रोता एका संध्याकाळीत नाहीसा झाला. बंदीच्या कारणांत मी शिरत नाही. सांगायचे ते एवढेच की श्रोत्यांची वही पोरांच्या हातात कधी नव्हतीच; ती कंपनीच्या कपाटात होती.

याहून अवघड पेच कायद्याचा आहे, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. लग्नात लोकांना सिनेमाची गाणी हवी असतात. ती वाजवायला परवानगी लागते का? १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात धार्मिक विधींसाठी सूट आहे आणि वरात व लग्नाशी निगडित सोहळे त्यात धरावेत असा खुलासाही आहे. म्हणजे राहुरीच्या रस्त्यावर वरातीत कोणतेही गाजलेले गाणे वाजवा, बिनघोर. पण त्याच वरातीची चित्रफीत काढून यूट्यूबवर टाकली की ती सूट संपते. तिथे यंत्र सूर ओळखते, हक्क कंपनीकडे जातो आणि जाहिरातीचे पैसेही कंपनीकडे. बँजो तुमचा, घाम तुमचा, धूळ तुमच्या नाकात, मिळकत मुंबईत. आता म्हणाल, मग स्वतःचे किंवा परंपरेतले वाजवा. परंपरेतली आरती कोणाच्याही मालकीची नाही. पण एखाद्या कंपनीचे तिचे ध्वनिमुद्रण त्या यंत्रात जमा असते आणि यंत्राला परंपरा कळत नाही. दावा लागतो. तो चुकीचा आहे असे कळवता येते, उत्तर द्यायला दावेदाराला तीस दिवस मिळतात. गणपती दहा दिवसांचे आणि वाद तीस दिवसांचा!

राहता राहिले स्वतःचे गाणे. मुळा नदीच्या काठच्या एका वाडीतली नऊ जणांची पार्टी मी जवळून पाहतो आहे. बँजो वाजवणारा दिवसा ट्रॅक्टर चालवतो, ढोलकीवाला गवंडीकाम करतो. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मुळा धरणाच्या आवर्तनावर एक गाणे बांधले. कालव्याला पाणी सुटण्याची वाट पाहणारी बाई, असा विषय. चाल मला फार आवडली. मधेच ताल आडवा जातो तिथे पाटाचे दार उचलल्यासारखे वाटते. नगरच्या एका स्टुडिओत पदरचे पैसे घालून ते ध्वनिमुद्रित केले आणि सगळीकडे चढवले. आठवडाभर सगळ्यांच्या स्टेटसला तेच होते. मग थांबले. त्याच पार्टीची, एका लग्नातल्या गाजलेल्या सिनेगीताची चित्रफीत मात्र कित्येक पटींनी पाहिली गेली, आणि तिच्यावर दावा आहे.

बँजोवाल्याला मी विचारले, हे गाणे लग्नात का वाजवत नाही? तो म्हणाला, ''काका, आपलं गाणं लावलं की माणसं नाचायची थांबत्यात. नवऱ्याचा भाऊ येतो, म्हणतो, ह्ये काय लावलंय? पैशे द्यायच्या टायमाला त्याच्याच हातात पाकीट असतंय.''

पेच तो हाच. ज्या गाण्याने सुपारी मिळते त्याने नाव होत नाही, कारण ते सगळेच वाजवतात. ज्याने नाव होईल ते वाजवले तर सुपारी जाते. मुंबईत अभंगांना रॉकची जोड देणाऱ्या 'अभंग रिपोस्ट'सारख्या बँडने यातून एक वाट काढली. शब्द आधीच लोकांच्या ओठांवर असलेले घ्यायचे आणि वाजवणे आपले ठेवायचे. आरे वाचवण्याच्या लढ्याच्या वेळी 'स्वदेशी' या मुंबईच्या गटाने आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन २०१९ साली 'द वारली रिव्होल्ट' केले, तिथे जुन्या कलापथकांसारखा श्रोता चळवळीने दिला. आमच्या वाडीला यातले काय उपयोगी पडेल, यावर आमची बरीच चर्चा झाली. शेतकऱ्यांचे मोर्चे इथे निघतात, पण त्यांत गाणे कमी आणि भाषणे फार.

माझे म्हणणे मी त्यांच्यापुढे ठेवले ते असे. साठ हजारांचा नाद सोडा. रेमोंचा गोवा जेवढा, तेवढाच आपला मुलूख धरा : राहुरी, नेवासा, श्रीरामपूर. ज्या लग्नात वाजवाल तिथल्या दोन-चार माणसांचे नंबर स्वतःच्या वहीत उतरवा, म्हणजे मांडववाला बदलला तरी माणसे राहतील आणि एखादे ॲप बंद पडले तरी वही राहील. पार्टीच्या नावात देवाबरोबर वाडीचे नाव घाला. आणि गाण्याच्या शेवटच्या कडव्यात तेच नाव असे गुंफा की कापता येऊ नये. ढोलकीवाल्याने यातले शेवटचे लगेच उचलले. त्याच्या आजोबांना अशी कवने येत होती म्हणे.

वाजवायचे कधी, हे मात्र मला सुचले नव्हते, ते त्यांनीच शोधून काढले. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला देवळात शिरतो तेव्हा वरात बाहेर थांबते. आत नारळ फुटेपर्यंत, टिळा लागेपर्यंत पाच-सात मिनिटे जातात. नाचणारे घाम पुसत असतात, बाया पारावर टेकतात, नवऱ्याचा भाऊ आत असतो. त्या वेळात कोणी फर्माईश करत नाही. गाणे साडेचार मिनिटांचे आहे. त्यातला मधला तुकडा कमी करून ते त्यांनी चारवर आणले आहे, आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या सुपारीला, वांबोरीकडच्या एका गावात, ते तिथे वाजवून बघणार आहेत.